तलावाच्या तळाशी ठेवलेला डोंगा

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकाजींवर. झाला २००८ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी साडेआठच्या सुमारास, गोंदियाजवळच्या कुडव्यात, त्यांच्याच फाटकासमोर. आणि करणारी मी. पत्रक मी लिहिलं होतं. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की बाईने शेवटपर्यंत लपवलं. लपवायचं ते सहा वर्षं लपवून झालं.

काकाजी जहाजं बांधायचे. गोंदियात हे वाक्य बोललं की माणसं हसतात, कारण आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे तलाव, आणि मोठा आवाज म्हणजे राइस मिलचा किंवा रेल्वेचा. पण ते खरंच बांधायचे. अर्जुनीकडच्या एका तलावाकाठच्या ढिवराच्या घरात ते जन्मले. त्यांचा बाप डोंग्यात बसून जाळं टाकायचा. आमच्याकडे डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड पोखरून केलेली होडी. काकाजी वेल्डिंग शिकले, गाडीत बसले आणि पूर्वेच्या समुद्रकाठी एका गोदीच्या फाटकात जाऊन उभे राहिले. हातात वेल्डिंगचा चिमटा घेऊन आत गेले ते शेवटी सगळ्या जहाजांचा सांगाडा उभा करणाऱ्या विभागाचे साहेब होऊन बाहेर आले. १९९९ साली निवृत्त झाले आणि परत आले. समुद्र सोडून कुडव्यात. आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर घेतलं तेव्हा मी चौथीत होते.

त्या घराबद्दल मला आधी आठवतो तो आवाज. काकाजी ओरडून बोलायचे. गोदीत लोखंडावर घण पडून पडून त्यांचा डावा कान गेला होता, आणि उजवा जायच्या बेतात होता. सकाळी सहा वाजता ते काकीजींना विचारायचे, "चाय झाली का वो?" आणि अख्ख्या गल्लीला कळायचं की चाय झालेली नाही.

"झाली, झाली," काकीजी म्हणायच्या. "स्टेशनवरच्या लोकायलेबी सांगून द्या."

संध्याकाळी ते गच्चीवर बसत. मिलच्या धुराड्यातून उडालेली तुसाची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, काकाजींच्या पांढऱ्या बनियनवर पडायची. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ते पश्चिमेकडे तोंड करून बसायचे आणि मला समोर बसवून जहाज पाण्यात कसं जातं ते सांगायचे. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की आता वाटतं मी तिथे होते. उतारावर एक जहाज उभं आहे, घरांच्या रांगेएवढं. खालचे ठोकळे एकेक करून काढतात. सगळे गप्प. शेवटचा ठोकळा निघाला तरी जहाज हलत नाही. एक श्वास, दोन श्वास.

"आनि मंग, पोरी, पहले जमीन हिलते. जहाज नाही, जमीन. तुह्या पायाखालची. तुले वाटते तूच मागं जाऊन राहिली. जहाज तर उभंच आहे."

"मग?"

"मंग ते पान्यात असते. कधी गेलं, कोनालेच समजत नाही."

गच्चीवर अंधारून यायचं. बल्लारशा पॅसेंजरची शिटी ऐकू यायची आणि मला वाटायचं, आमचं घर, भिंत, पलीकडची गिरणी, सगळं हळूच मागे सरकतंय.

पण माणूस नुसता गच्चीवर बसणारा नव्हता. दोन वर्षांत ते आमच्या ढिवर समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. कोणी केलं नाही, होत गेले. पोरींच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलीच्या पायऱ्या झिजवायच्या असोत, सामूहिक विवाहाचा मांडव असो, तलावाच्या ठेक्याचा अर्ज असो, लोक म्हणायचे, "जहाजवाल्यायले विचारा." कुडव्यातलं समाज भवन त्यांनीच उभं करवलं. सिमेंटचा साधा मोठा हॉल, वर टिनाचं छप्पर.

मला लिहायला त्यांनीच शिकवलं. शाळेत निबंध शिकले. पत्रक शिकले काकाजींकडून. साहेब होण्याआधी ते गोदीतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. कॉलेजात गेल्यावर मी आमच्या समाजाच्या युवा आघाडीत शिरले आणि पहिलं पत्रक भिंतीवरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली.

"वाक्य लंबा झाला. हे काट. हेबी काट. कोनावर अन्याय झाला, कधी झाला, पहल्या ओळीत सांग. अन् मागनी एकच लिव. सरकारले नोको मागू, सरकार पत्रक वाचत नाही. जो वाचून राहिला त्याच्याकडून माग."

आजतागायत मी तसंच लिहिते. त्यांच्यावर उलटलेलं पत्रकही मी तसंच लिहिलं. नियम एकही न मोडता.

आता डोंग्याचं सांगते.

जुने डोंगे कुजत चालले होते. नवा डोंगा करायचा तर मोठं झाड हवं, आणि तसं झाड तोडायची परवानगी आता कोणालाच मिळत नाही. म्हणून तलावातले लोक ट्रॅक्टरच्या चाकाच्या ट्यूबवर बसून मासे धरायला लागले. ट्यूब फुगवायची, मध्ये फळी टाकायची, पाय पाण्यात सोडून दिवसभर हाताने वल्हवायचं. संध्याकाळी पायांची कातडी पांढरी, सुरकुतलेली. काकाजी आपल्या गावी गेले होते, ते पाहून आले आणि दोन दिवस कोणाशी ओरडूनही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला.

"ढिवर अन् ट्यूबवर! समुद्राचे जहाज बांधले म्या, अन् माह्या गावचा मानूस ट्यूबवर!"

"मंग बांधा ना," काकीजी म्हणाल्या. "कोन आडवा आला?"

त्यांनी ठरवलं की फळ्या जोडून डोंगा करायचा. एक झाड नको, वनखात्याच्या डेपोतून मिळतात तशा सागाच्या फळ्या पुरतील. एक जमला की गावोगावचे सुतार त्यावरून करतील. मंडळाने मान हलवली. आणि काकाजी समाज भवनात खडू घेऊन गेले.

गोदीत जहाज बांधायच्या आधी ते पूर्ण आकारात जमिनीवर काढतात. कागदावर छोटं काढलेलं जहाज, एका भल्यामोठ्या लाकडी फरशीवर आहे तेवढं, खऱ्या मापाचं. तिथून माप उचलून लोखंड कापतात. काकाजींनी आमच्या सिमेंटच्या फरशीवर तसंच केलं. बांबूची लवचिक कामटी वाकवली, ती जागची हलू नये म्हणून बाजूंना विटा ठेवल्या, आणि कामटीच्या कडेने खडू फिरवला. मग खिळ्याने तीच रेघ कोरली. दुपारी टिनाच्या छपराच्या भोकांतून उन्हाचे गोल पडायचे आणि त्या रेघांवरून सरकत जायचे. मी दारात उभी राहून पाहायची. फरशीवर एक डोंगा झोपलेला होता. बाजूने, वरून आणि समोरून, तीनदा, एकावर एक. बराच वेळ पाहिलं की तो हलल्यासारखा वाटे.

त्याच आठवड्यात भवनात एक लग्न होतं. पंगत बसायची वेळ आली आणि बाया दारातच थांबल्या. रेघांवर पाय कसा द्यायचा? एवढी मेहनतीची रांगोळी! काकाजी वरातीच्या बँडपेक्षा मोठ्याने ओरडले, "बसा वो, बसा! डोंगा मानसायसाठीच आहे!" मग सगळे बसले, पण कोणीही रेघेवर बसलं नाही. पत्रावळी रेघांच्या आत मांडल्या गेल्या. अख्खी पंगत डोंग्याच्या पोटात जेवली. मीही जेवले. टोकाला, जिथे दोन रेघा एकमेकींना भेटतात तिथे माझी जागा होती, आणि वाढणारा तिथपर्यंत यायच्या आत भाजी संपली.

त्या उन्हाळ्यात गावच्या सुतारांनी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सावलीत डोंगा बांधला. काकाजी दर आठवड्याला पॅसेंजरने जायचे. पावसाच्या तोंडावर डोंगा झाला. मंडळाने जाहीर केलं, पोळ्यानंतरच्या रविवारी डोंगा गावाला द्यायचा. जो येईल त्याने तलावात एक फेरी मारायची.

पोळ्याच्या दोन दिवस आधी कुडव्यात बातमी आली, डोंगा पाण्यात टाकला आणि बुडाला.

आम्ही तिघं आघाडीचे कार्यकर्ते पोळ्याच्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. मी, आणि कॉलेजातले दोघे. तलाव काठोकाठ भरला होता. पाऊस थांबलेला, वारा नाही, पाण्यावर एक सुरकुती नाही. पारीवरून खाली पाहिलं तर डोंगा दिसला. पुरुषभर पाण्याखाली, तळावर सरळ बसलेला, जसा फरशीवर काढला होता अगदी तसा. आत मोठे दगड होते. दगडांवरून छोटे मासे फिरत होते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, फेरी मारल्यासारखे. मी मोबाईलमध्ये फोटो काढला. फोटोत फक्त आकाश आलं.

दगड मला दिसले होते. बुडालेल्या डोंग्यात दगड कुठून येतात हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. पत्रकाचं शीर्षक मनात तयार होतं, आणि तयार शीर्षकाला प्रश्न चालत नाही.

पारीवर चिंचेखाली एक म्हातारा जाळं विणत बसला होता. काकाजींच्या बापाच्या डोंग्यात लहानपणी बसलेला माणूस, गाव त्याला आजा म्हणतं. त्याने हाक मारली.

"कोनाचे पोट्टे वो तुम्ही? डोंगा पाहाले आले का? बसा ना. सांगतो."

"आजा, गाडी आहे," मी म्हटलं. "गाडी सुटेल."

"दोन मिनटाची गोष्ट आहे, बाई."

आम्ही निघालो. स्टेशनवर गाडी सव्वा तास उशिरा आली. तो सव्वा तास मी फलाटावर बसून पत्रक लिहिलं.

लिहिलं चांगलं, हे सांगायला लाज वाटते. समाजाच्या मेहनतीचा डोंगा तळाला गेला, अध्यक्ष गप्प, तीन दिवस झाले, उत्तर द्या. आणि उद्या मारबत, म्हणून वर मोठ्या अक्षरात ती आरोळी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली सगळी पीडा, रोगराई, डास, खोकला मारबतीच्या पुतळ्याबरोबर ओरडून शिवेबाहेर घालवतात. ज्याचा राग असेल त्याचंही नाव त्यात घुसवतात. मी लिहिलं: डोंगा बुडवणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत! हिरवा कागद. पहाटे गल्लीगल्लीत वाटला.

साडेआठला पोरांची टोळी काकाजींच्या फाटकाशी आली. त्या दिवशी तान्हा पोळाही असतो. पोरं लाकडाचे छोटे बैल चाकांवर ओढत दारोदार बोजारा मागत फिरतात, म्हणजे खाऊ, नाहीतर एखादं नाणं. त्या पोरांच्या एका हातात बैलाची दोरी होती आणि दुसऱ्या हातात हिरवा कागद. ती माझी आरोळी ओरडत होती. एका सुरात, उड्या मारत.

मी भिंतीपलीकडे होते. मला वाटलं होतं काकाजी बाहेर येतील आणि ओरडतील. मी त्यासाठी तयार होते, उत्तराला उत्तर होतं माझ्याकडे.

काकाजी बाहेर आले. नवीन धोतर, कपाळाला गंध, हातात पितळी ताट, ताटात करंज्या आणि चॉकलेटं. ते हसत होते. त्या गलक्यातले शब्द त्यांना ऐकू येत नव्हते. पोरं ओरडताहेत एवढं दिसत होतं, आणि तान्ह्या पोळ्याला पोरं ओरडणारच.

"आले का माहे बैलवाले! या, या. एकेकानं या. बैलाले पहले!"

त्यांनी वाकून पहिल्या लाकडी बैलाच्या तोंडाला करंजी लावली. पोरांच्या उड्या थांबल्या. एकाने कागद पाठीमागे लपवला. एकेकाने पुढे येऊन बोजारा घेतला. काकीजी दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, भिंतीकडे, आणि आत गेल्या.

दुपारी काकाजींनी कागद वाचला असेल. संध्याकाळी ते गच्चीवर नव्हते.

रविवारी समाज भवनात सभा झाली. फेरी मारायचा तोच रविवार. भवन भरलं होतं. त्या दिवशी लोक रेघांवर बसले, कोणी पाहिलं नाही. काकाजींना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि त्यांच्या मानाने हळू बोलले, म्हणजे फक्त मागच्या रांगेपर्यंत.

"डोंगा ठीक आहे. ज्याले पाहाचं आहे त्यानं पारीवर जाव अन् आजाले विचाराव. ढिवराच्या सभेत डोंग्याची सफाई द्याची पाळी माह्यावर येते तर मी खुर्चीवर नसलेलाच बरा."

कोणीतरी म्हटलं, अकड पाहा. ठराव आला, अध्यक्ष बदला. हात वर झाले. खूप झाले. माझाही. काकाजी भवनाच्या मधोमध कोरलेल्या सरळ रेघेवरून चालत दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि सायकल हातात धरून पायीच घरी गेले.

पंधरा दिवसांनी आजा कुडव्यात आला. टोपलीत ओले शिंगाडे, खांद्यावर दोराचं वेटोळं. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. काकाजींशी बोलायचं तर आजालाही ओरडावं लागत होतं. म्हणून हे सगळं मला, आईला, शेजाऱ्यांना, ज्याने कान दिला त्या सगळ्यांना ऐकू आलं असणार.

"डोंगा पानी पेला आता पोटभर. काढाचा कधी? मी दोर घेऊन आलो."

"मले नोको विचारू. मंडळाचा डोंगा आहे. मंडळाले विचार."

"मंडळ म्हनजे कोन बापा? तुमीच ना?"

"होतो."

"आता काऊन नाही?"

उत्तर काकीजींनी दिलं. "पोट्टे म्हनतेत डोंगा बुडाला."

"बुडाला?" आजा हसायला लागला. खूप वेळ हसला. "अवो, आमी दोघायनं बुडवला! दगडं मी टाकले. उन्हाळाभर सुकल्या फळ्या पान्यात टाकल्या तर सांध्यातून पानी शिरनारच. पहले बुडवा लागते. लाकूड पानी पेते, फुगते, सांधे मिटतेत, मंग काढाचा, मंग तो थेंब घेत नाही. आमचे बापबी उन्हाळ्यात डोंगा बुडवूनच ठेवत, तडकू नये म्हनून. हे ढिवराच्या पोट्ट्यायले माहीत नाही?"

माझ्या हातात पिळलेली ओढणी होती. तिचं पाणी माझ्या पायावर पडत राहिलं.

नव्हतं माहीत. आमच्या घरी मासे बाजारातून यायचे. माझा बाप मिलमध्ये कारकून. पत्रकात 'आम्ही पाण्याची लेकरं' असं मी दहा वेळा लिहिलं होतं आणि मला पोहता येत नव्हतं. काकाजींनी मला वाक्य छाटायला शिकवलं, मागणी करायला शिकवलं, जहाज पाण्यात कसं जातं तेही सांगितलं. डोंगा पाणी पितो हे सांगितलं नाही, कारण ढिवराच्या पोरीला ते सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

त्याच दिवशी भिंतीवरून चढून जायचं होतं. गेले नाही. दुसऱ्या दिवशी मला आघाडीची चिटणीस केलं. हार घातला. मी तो घालून घेतला.

आजा नव्या अध्यक्षांकडे गेला. त्यांना त्या डोंग्याचं नाव नको होतं. तो वर निघून तरंगला तर सभा खोटी ठरत होती. कोणी नाही म्हटलं नाही. पुढच्या बैठकीत पाहू म्हटलं. आजा शिंगाडे वाटून, दोर घेऊन गावी गेला. समाज भवनात नंतर टाइल्स बसल्या, गुळगुळीत, पांढऱ्या. रेघा खाली गेल्या.

मी पत्रकं लिहीत राहिले. रस्त्यावर उतरले, घोषणा दिल्या, एकदा पोलीस ठाण्यातही बसले. लोक म्हणायचे, पोरगी कोणाला घाबरत नाही. स्वप्नात मात्र मी त्या तलावाच्या तळाशी असायची. डोंग्यात बसलेली, दगडांच्या मध्ये, टोकाच्या जागेवर. वर पाण्याचं छप्पर, त्यातून उन्हाचे गोल पडताहेत. पंगत चाललेली आहे. मासे वाढताहेत. माझ्यापर्यंत कोणी येत नाही आणि मला भूकही नाही. मग खालची जमीन हलते. मी ओरडते, आणि सगळे शांतपणे माझ्याकडे पाहतात, कारण त्यांना ऐकू येत नाही.

२०१४ च्या मे महिन्यात तलावाच्या ठेक्याच्या कामाने त्या गावी जावं लागलं. गाळाच्या भेगांपर्यंत पाणी ओसरलं होतं. डोंग्याच्या जागी पाणी कमरेएवढं. आजा आता काठी घेऊन चालत होता, पण मला ओळखलं.

"गाडीवाली," तो म्हणाला. "आजबी गाडी आहे का तुही?"

"नाही आजा. आज बसते."

तो बसला, मी बसले. दोन मिनिटांची गोष्ट त्याने दोन तास सांगितली. मग मी सलवार वर खोचून पाण्यात शिरले. पाणी वर कोमट, खाली गार. पायाला गाळ, मग लाकूड. मी हात लावला. शेवाळाखाली फळी घट्ट होती, ओल्या दगडासारखी.

"पान्यात लाकूड सडत नाही, बाई," काठावरून आजा म्हणाला. "वर-खाली होते तेथं सडते. पुरा बुडून आहे तो, चांगला आहे. झोपला आहे."

मी त्याच दिवशी कुडव्याला परतले आणि भिंतीवरून नाही, फाटकातून गेले. काकाजींचे दोन्ही कान आता गेले होते. त्यांना काही सांगायचं तर कागदावर लिहून द्यावं लागे. म्हणून मला हे सगळं लिहावं लागलं, त्यांच्या समोर बसून. कोणावर अन्याय झाला, कधी, कोणी केला. दोन पानं झाली. ते वाचत होते तेव्हा काकीजी चहाचा कप माझ्यासमोर आदळून म्हणाल्या, "सहा वर्षं लागले बाईले दहा पावलं चालाले."

काकाजींनी दोन्ही पानं वाचली. चष्मा पुसला. मी माफीची वाट पाहत होते की शिव्यांची, मला माहीत नाही.

"सांधे पाह्यले का?" ते ओरडले.

मी मान हलवली. नाही.

"हात लावला अन् सांधे नाही पाह्यले? कायले गेली होतीस मंग?"

दुसऱ्या सकाळच्या गाडीने मी परत गेले. पाण्यात उतरले, शेवाळ खरवडलं आणि दोन फळ्यांच्या मधल्या रेघेवर नख फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक सांधा. नख कुठेच आत गेलं नाही. संध्याकाळी येऊन कागदावर लिहिलं: मिटले. सगळे.

काकाजींनी तो कागद दोनदा वाचला. मग पश्चिमेकडे पाहिलं. मिलची राख त्यांच्या बनियनवर पडत होती.

"मंग डोंगा झाला," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू.

आदल्या दिवशीची दोन पानं त्यांनी परत दिली. पेन्सिलने तीन वाक्यं काटली होती, तिन्ही माझ्या पश्चात्तापाची. समासात लिहिलं होतं: लंबा झाला. मागनी कुठं आहे?

ही आहे.

मंडळाने यंदाही पुढच्या बैठकीत पाहू म्हटलं आहे. बैठकीची गरज नाही. दगड काढून, पाण्याने भरलेला डोंगा काठावर ओढायला वीस हात लागतात. त्या रविवारी समाज भवनात याहून कितीतरी जास्त हात वर झाले होते. त्यातला एक माझा होता. एक तुमचा होता, आणि तुम्हाला ते माहीत आहे. येत्या मारबतीच्या सकाळी, शिवेवरून परत आल्यावर, आपल्या तलावाच्या पारीवर या. काकाजी येणार आहेत, चिंचेखाली आजाजवळ बसणार आहेत, ते काही बोलणार नाहीत. दोर आजाकडे आहे. तुम्ही या आणि तो धरा.